पुस्तक हरवलं तर हरवू द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

15 ऑक्टोबरला, डॉ. कलामांच्या जयंतीला, आमच्या भागातल्या एका शाळेने वाचन प्रेरणा दिनासाठी मला बोलावलं होतं. टेबलावर चादर, चादरीवर पुस्तकं. प्रत्येक मुलाच्या हातात एकेक पुस्तक दिलं, फोटो निघाले, लगेच ग्रुपवर गेले. वीसेक मिनिटांनी पुस्तकं गोळा करून, मोजून, पुन्हा कपाटात. तिसरीतली एक मुलगी काही तिचं पुस्तक सोडेना. "बाई, कोल्हा विहिरीतून वर येतो का, एवढंच बघते." बाई म्हणाल्या, "पुढच्या वेळी हां." आणि कपाटाला कुलूप लागलं.

बाईंना मी नावं ठेवत नाही. ते कुलूप का लागतं, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार? पंचायत समितीच्या शिक्षण विभागात मी लिपिक होतो, वरिष्ठ लिपिक म्हणून निवृत्त झालो. शाळेतलं पुस्तक डेडस्टॉक रजिस्टरला, म्हणजे टिकाऊ सामानाच्या नोंदवहीला चढतं. खुर्ची, घंटा, तिजोरी, त्याच ओळीत गोष्टीचं पुस्तक. तपासणीला आलेला माणूस पुस्तक किती मुलांनी वाचलं हे विचारत नाही, नग किती हे विचारतो. एक कमी भरला की गुरुजींच्या खिशाला चाट. अशी सतरा रुपयांची वसुली एका शिक्षकाकडून मी स्वतः करून घेतली आहे. पावतीही मीच फाडली.

आणि हे मी करावं! माझे वडील मुंबईला गिरणीत. गणपतीला गावी येताना ते फोर्टातल्या फुटपाथवरून जुनी पुस्तकं आणायचे. त्यांना स्वतःला अक्षर अक्षर लावून वाचावं लागे, त्यामुळे पुस्तकाची निवड जाडीवर आणि भावावर. एका वर्षी होमिओपथीचं मार्गदर्शन आलं, ते मी दहाव्या वर्षी जवळजवळ पाठ केलं आणि आजीच्या गुडघ्यांवर बोलू लागलो. एका वर्षी रहस्यकथा आली, शेवटची आठ-दहा पानं गायब. खुनी कोण, यावरून पडवीत चिमणीच्या उजेडात आम्हा भावंडांची मारामारी झाली. धाकट्या बहिणीने दर रात्री नवा खुनी काढला. अजून भेटलो की तो विषय निघतो.

शाळेत पुस्तकं पत्र्याच्या पेटीत असत. 1971 साली बालभारतीचं 'किशोर' सुरू झालं, तेव्हा मी बारा वर्षांचा. शाळेत येणारा तो एकच अंक महिनाभर गावभर फिरायचा आणि परत येईपर्यंत त्याचं मुखपृष्ठ कापडासारखं मऊ झालेलं असायचं. (जुने अंक बालभारतीने संकेतस्थळावर फुकट वाचायला ठेवले आहेत. मी अजून अधूनमधून चाळतो, पण तो मऊपणा मोबाईलला कुठला.) गुरुजी शनिवारी पेटी उघडायचे आणि बाजूला उभे राहायचे. हवं ते घ्या, म्हणायचे. नाव लिहून ठेवत, पण वहीकडे फारसं बघत नसत.

एका श्रावणात शाळेतून येताना पऱ्याला, म्हणजे वाटेतल्या ओढ्याला पाणी होतं. माझा पाय घसरला, इरलं एकीकडे, दप्तर दुसरीकडे. दप्तर सापडलं, पण आतलं पुस्तक भिजून लगदा. आईने चुलीच्या वर माळ्याला बांधून ते चार दिवस धुरात सुकवलं. सुकलं ते दुप्पट जाड होऊन आणि धुराच्या वासासकट. शनिवारी मी ते रडतच पुढे केलं. गुरुजींनी हातात घेऊन तोललं आणि म्हणाले, "फार वाचलास वाटतं, पार फुगलंय." आणि पेटीत टाकलं. रजिस्टरात त्यांनी त्याचं काय केलं असेल, हा प्रश्न मला पडला तो थेट नोकरी लागल्यावर.

वाचनसंस्कृतीवर मोठं बोलायची माझी पात्रता नाही. आमच्या जिल्ह्याला 1828 पासूनचं नगर वाचनालय आहे, राज्यात 1967 पासून सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा आहे. पण वाडीवरचं तिसरीतलं पोर पुस्तक बदलायला एसटीने रत्नागिरीला जाणार नाही. तिचं ग्रंथालय म्हणजे शाळेतलं ते एक कपाट. म्हणून शिक्षण खात्याकडे मागणं एवढंच, की गोष्टीची पुस्तकं डेडस्टॉकमधून काढा. त्यांची वेगळी साधी वही ठेवा. फाटलेली, भिजलेली, हरवलेली काही पुस्तकं दरवर्षी मुख्याध्यापकांनी आपल्या सहीने निर्लेखित करावीत, म्हणजे नोंदीतून काढून टाकावीत, वर कुणाला विचारायला लागू नये. खडू झिजतो म्हणून आपण कुणाकडून वसुली करतो का?

त्या कोल्ह्याच्या गोष्टीची प्रत मी तालुक्याच्या बाजारात शोधली, मिळाली, आणि सोमवारी शाळेत नेऊन दिली. बाईंनी सवयीने रजिस्टर उघडलं. मी म्हटलं, बाई, हिची नोंद नको.

आपला,
एक निवृत्त वरिष्ठ लिपिक,
ता. संगमेश्वर, जि. रत्नागिरी