नमुना कसा घेतला, हेही अहवालात लिहा

मा. पाणीपुरवठा व स्वच्छता मंत्री,
महाराष्ट्र राज्य, यांस

स.न.वि.वि.

सोलापूर जिल्ह्यात पाण्याची चर्चा उजनी धरणाच्या टक्केवारीपासून सुरू होते आणि बहुधा तिथेच संपते. सांगोला, मंगळवेढा, अक्कलकोटकडच्या कित्येक वस्त्यांवर मात्र अजूनही हंडा भरतो तो विहिरीवर किंवा बोअरवर. या पाण्याचे नमुने घेतले जातात, अहवालही येतात. पण बाटली कशी भरली हे त्या अहवालात कुठेच नसते. आपल्याला लिहायचे कारण तेच.

मी रसायनशास्त्राचा निवृत्त शिक्षक. गावात नमुना घ्यायला माणूस आला की मुद्दाम जाऊन उभा राहतो. महिनोन्महिने बंद असलेल्या बोअरची मोटर चालू होते आणि पहिल्याच धारेला बाटली लागते. केसिंगमध्ये, म्हणजे बोअरच्या नळीत, साचलेल्या त्या पाण्यातला कार्बन डायऑक्साइड उडून गेलेला असतो, सामू (पीएच) बदललेला असतो, लोखंडाचा गंज उतरलेला असतो. खडकाच्या भेगांतले खरे भूजल अजून वर आलेलेच नसते. म्हणून साचलेले पाणी आधी, साधारण तीन ते पाच पट, उपसून टाकायचे असते. सहा इंची बोअरमध्ये दर मीटरला सुमारे १८ लिटर पाणी मावते. ३० मीटर पाणी उभे असेल तर तिप्पट उपसा म्हणजे सोळाशे लिटरच्या वर. दुष्काळी गावात एवढे पाणी सोडायला जीव होत नाही, हे मी जाणतो. ते झाडांना द्यावे, पण उपसावे. सामू, विद्युतवाहकता आणि तापमान यांचे आकडे लागोपाठ स्थिर आले की मगच बाटली भरावी.

आपल्या काळ्या पाषाणात काही निरीक्षण विहिरी इतक्या कमी पाण्याच्या असतात की तीन पट उपसण्याआधीच कोरड्या पडतात. तिथे थांबावे, पाणी पुन्हा चढू द्यावे आणि त्या ताज्या पाण्याचा नमुना घ्यावा. यात वेळ जातो. एका दिवसात दहा गावे उरकायला लावली तर हे कोणाच्यानेही होणार नाही, आणि त्याचा दोष नमुना घेणाऱ्याला देता येणार नाही.

नायट्रेटची काळजी मला सर्वांत जास्त वाटते. उसाला टाकलेला युरिया, शौचालयांचे शोषखड्डे, गोठे, सगळ्यांतून ते खाली झिरपते. त्याला रंग नाही, वास नाही, आणि पाणी उकळले तर ते आणखी दाट होते. भारतीय मानकात मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम, तीही सवलतीशिवाय, कारण तान्ह्या बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद त्याने घटते. अशी बाटली मे महिन्यात, पारा चाळिशीच्या वर असताना, गाडीच्या मागच्या सीटवर दिवसभर पडून राहिली तर जिवाणू नायट्रेट खाऊन टाकू शकतात. मग अहवाल चांगला येतो आणि गाव निर्धास्त पीत राहते. बर्फाच्या पेटीत ४ अंशांच्या आसपास ठेवून ती दोन दिवसांत तपासली गेलीच पाहिजे.

धातूंच्या नमुन्याला जागेवरच नायट्रिक आम्ल घालायचे, तीच बाटली नायट्रेटला वापरायची नाही. टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकलेल्या पाण्याची जिवाणू तपासणी करायची तर बाटलीत क्लोरीन निष्प्रभ करणारे थायोसल्फेट हवे. नाहीतर क्लोरीन वाटेतच जिवाणू मारत राहते.

महाराष्ट्राचा २००९ चा भूजल अधिनियम ठरलेल्या गुणवत्तेच्या भूजलाची हमी मागतो. त्यासाठी माझी मागणी एका पानाची आहे. प्रत्येक अहवालाला नोंदपत्र जोडा: पाण्याची पातळी, किती उपसले, जागेवरचे सामू व वाहकता, बाटली भरल्याची आणि प्रयोगशाळेत पोचल्याची वेळ, कोणाकडून कोणाकडे गेली. प्रत्येक फेरीत एक दुबार नमुना आणि शुद्ध पाण्याची एक कोरी बाटलीही पाठवा, म्हणजे हाताळणीतली चूक पकडता येईल. नमुना घेणाऱ्याला मीटर, बर्फपेटी आणि पुरेसा वेळ द्या. येत्या मे महिन्याच्या फेरीपासून हे सुरू करा, आणि नोंदपत्राची प्रत ग्रामपंचायतीच्या फलकावर लावण्याचा आदेश काढा.

आपला,
सोलापूर जिल्ह्यातील एक निवृत्त शिक्षक