ताण मोजणाऱ्याचे पहिले काम

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बारावीच्या निकालानंतर करिअरच्या पानांवर मेंदूविज्ञान हमखास झळकते. रंगीत स्कॅन, डोपामाइन, सेरोटोनिन, ‘ताणाचे रसायन’ वगैरे. ताणावर संशोधन करणाऱ्याचे दिवस कशात जातात, ते मात्र त्यात येत नाही. ते बरेचसे जातात आपल्या मोजणीमुळेच उंदराला ताण येऊ नये, या खटपटीत.

पिंजऱ्याला हात लागला की उंदराच्या रक्तातले कॉर्टिकोस्टेरॉन हे ताणाचे हार्मोन (माणसात हे काम कॉर्टिसॉल करते) काही मिनिटांत चढू लागते. म्हणून रक्त पहिल्या ३ मिनिटांत घ्यायचे. उशीर झाला तर आकडा येतो, पण तो आपल्या हाताळण्याचा. शिवाय उंदीर निशाचर. माणसात हा हार्मोन सकाळी उठल्यावर शिखरावर असतो, तर उंदरात अंधार पडायच्या सुमारास. त्यामुळे एका गटाचे नमुने सकाळी आणि दुसऱ्याचे संध्याकाळी घेतले, तर फरक औषधाचा की घड्याळाचा हे कोणालाच सांगता येणार नाही. प्राणीगृहात १२ तास उजेड, १२ तास अंधार ठेवतात. आपल्याकडे पावसाळ्यात वीज गेली की साधा टायमर तेवढाच मागे पडतो, आणि लक्षात आले नाही तर सगळ्या उंदरांचा दिवसच सरकतो. दिवाळीतल्या नरकासुराच्या रात्रीच्या लाऊडस्पीकरबद्दल तर बोलायलाच नको. त्या आठवड्यात प्रयोग लावूच नये. उंदीर हाताळणारा माणूसही बदलू नये. पुरुषाच्या नुसत्या वासानेही उंदरांना ताण येतो, हे २०१४ मध्ये दाखवले गेले आहे.

एवढे सांभाळून काय हाती लागते? अमेरिकेत ब्रूस मॅकएवेन यांच्या गटाने १९६८ मध्ये किरणोत्सारी कॉर्टिकोस्टेरॉन टोचून ते मेंदूत कुठे साठते ते पाहिले. उंदरांच्या अधिवृक्क ग्रंथी (हे हार्मोन तिथेच बनते) आधीच काढल्या होत्या, नाहीतर त्यांच्याच हार्मोनने जागा अडवल्या असत्या. ते साठले हिप्पोकॅम्पसमध्ये, म्हणजे स्मृतीच्या भागात. २००२ मध्ये बंगळुरूच्या एनसीबीएस या जीवशास्त्र संशोधन केंद्रातील सुमंत्र चटर्जी यांच्या गटाने उंदरांना रोज २ तास, १० दिवस जखडून ठेवले. हिप्पोकॅम्पसमधल्या चेतापेशींच्या फांद्या आखडल्या, पण भीतीशी निगडित अमिग्डालात त्या उलट वाढल्या. पुढे असेही दिसले की २१ दिवसांच्या विश्रांतीनंतर पहिला बदल भरून निघतो, दुसरा राहतो. मुंबईच्या टीआयएफआर (टाटा मूलभूत संशोधन संस्था) मध्ये विदिता वैद्य बालपणातल्या ताणावर काम करतात. अशा प्रयोगांत पिल्लांना जन्मानंतर दुसऱ्या ते चौदाव्या दिवसापर्यंत रोज ३ तास आईपासून दूर ठेवतात. इतक्या लहान पिल्लांना अंगची ऊब टिकवता येत नाही. त्यांना उबदार जागी ठेवले नाही, तर विरहाऐवजी थंडीच मोजली जाते.

हेच नियम माणसालाही लागू होतात, म्हणून आरोग्य पॅकेजमधल्या एकट्या कॉर्टिसॉल चाचणीला ‘ताणाची चाचणी’ म्हणणे आम्हाला पटत नाही. कुशिंग (कॉर्टिसॉल फार वाढणे) किंवा अ‍ॅडिसन (ते फार घटणे) आजाराचा संशय असेल तर ती जरूर करावी, पण वेळ पाळून. कॅसिनोत रात्रपाळी करणाऱ्याचा सकाळी ८चा आकडा आणि रात्री झोपलेल्याचा आकडा एका तक्त्यात बसत नाही. इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्यांनी रक्तातले एकूण कॉर्टिसॉल वाढलेले दिसते. दम्याच्या स्टेरॉइड पंपाने ते घटू शकते. अहवालावर नमुना घेतल्याची वेळ आणि चालू औषधे छापली तरी निम्मा गोंधळ मिटेल.

या क्षेत्रात जाऊ पाहणाऱ्यांनी प्राणिशास्त्रच घेतले पाहिजे असे नाही. भौतिकशास्त्रातूनही लोक येतात. टीआयएफआर आणि एनसीबीएसच्या पीएचडीसाठी प्रवेश परीक्षा असते. पण एक सवय गोव्यातल्या कोणत्याही महाविद्यालयात आजच लावता येईल, आणि त्यासाठी उंदीर लागत नाहीत. कांद्याच्या मुळाच्या टोकाच्या स्लाइडवरची नावे झाकून नुसते क्रमांक द्यावेत, दोघांनी विभाजन होणाऱ्या पेशी वेगवेगळ्या मोजाव्यात आणि मगच आकडे जुळवावेत. आकडे जुळेनात तर आधी विभाजनाची अवस्था कशाला म्हणायचे ते ठरवावे, आणि स्लाइड पुन्हा पहिल्यापासून मोजावी.

आपले,
जीवशास्त्राचे दोन शिक्षक, फोंडा