स्केलचे अवजार घडवून देणाऱ्या ताईंना जाहीर आभारपत्र

आदरणीय ताईंस,

सप्रेम नमस्कार.

आमच्या लेव्हल एडिटरच्या, म्हणजे व्हिडिओ गेममधली ठिकाणे बांधण्याच्या सॉफ्टवेअरच्या, नव्या आवृत्तीत वस्तू लहान-मोठी करणे (स्केल), फिरवणे आणि आरशातल्याप्रमाणे उलटवणे ही तिन्ही अवजारे आली आहेत. ती वापरणाऱ्या बहुतेकांना त्यांमागे कोणाचे कष्ट आहेत हे ठाऊक नाही. श्रेयनामावलीत नाव नको ही अट आपणच घातलेली असल्याने ते येथेही देत नाही. मात्र आपण काय केले ते लिहायला आपली हरकत नाही, असे आपण कळवले आहे आणि त्या परवानगीचा मी पुरेपूर लाभ घेणार आहे.

आमचा एडिटर 1996 च्या क्वेक या गेमपासून चालत आलेल्या ब्रश पद्धतीवर उभा आहे. या पद्धतीत भिंत, पायरी किंवा खांब शिरोबिंदूंनी नव्हे, तर प्रतलांनी नोंदवला जातो: प्रत्येक प्रतलासाठी तीन बिंदू, आणि सर्व प्रतलांनी मिळून वेढलेला बहिर्वक्र घन म्हणजे एक ब्रश. अशी वस्तू सरकवणे सोपे असते, म्हणून तेवढी सोय आमच्याकडे पहिल्यापासून होती. आकार बदलायचा झाला की मात्र वापरणाऱ्याला एकेक बाजू धरून ओढत बसावे लागे, आणि अनेक ब्रशांची कमान रुंद करायची असेल तर ती मोडून नव्याने बांधणेच परवडत असे.

आपण मदतीला आलात तेव्हा एखादे मॅट्रिक्स (आकड्यांचे कोष्टक) गुणण्याचे फंक्शन मिळेल, एवढीच आमची अपेक्षा होती. आपण त्याऐवजी आधी प्रश्न पाठवलेत. निवडलेल्या वस्तूंमध्ये दिवा असेल तर त्याचा प्रकाश जास्त दूरवर पोहोचावा, की दिव्याची केवळ जागा बदलावी? खेळाडू अवतरण्याची खूण दुप्पट केली म्हणून खेळाडू दुप्पट उंच होणार आहे का? भिंत दुप्पट लांब झाल्यावर तिच्यावरची वीटही दुप्पट लांब व्हावी, असे कोणाला वाटते? या प्रश्नांची उत्तरे ठरवता ठरवताच अवजाराचा निम्मा आराखडा तयार झाला. स्केलच्या अवजारात काय ताणायचे यापेक्षा काय ताणायचे नाही हे ठरवणे अधिक अवघड असते, हे आपल्या त्या पत्रव्यवहारातून आम्हाला उमगले.

विटांचा प्रश्न दिसतो त्यापेक्षा खोल होता. क्वेकच्या मूळ नोंदीत टेक्स्चरसाठी, म्हणजे पृष्ठभागावर चढवलेल्या चित्रासाठी, सरकवण्याचे, फिरवण्याचे आणि प्रमाणाचे आकडे असतात, परंतु त्याचे अक्ष प्रतलाच्या दिशेवरून आपोआप ठरतात. त्यामुळे ब्रश तिरका फिरवला की पूर्वीचे चित्र जसेच्या तसे टिकवणे प्रत्येक वेळी शक्य नसते. हाफ-लाइफ या गेमच्या काळापासून रूढ झालेल्या व्हॅल्व्ह 220 या नोंदीच्या पद्धतीत हे अक्ष स्पष्टपणे लिहिलेले असतात, म्हणून तेथे टेक्स्चर वस्तूबरोबर बांधून ठेवता येते. दोन्ही पद्धती सांभाळायच्या, जुन्या पद्धतीत जे होणार नाही ते वापरणाऱ्याला आधीच सांगायचे, आणि मोठे करताना विटेचा आकार मूळचाच राखायचा, हा आपला आग्रह आता एडिटरचा पायंडा झाला आहे.

दुसरा आग्रह ग्रिडचा, म्हणजे समान अंतराच्या मापाच्या जाळीचा. बहुतेक ठिकाणी स्केल टक्क्यांत किंवा पटींत स्नॅप होते, म्हणजे ठरावीक आकड्यांवरच थांबते, पण लेव्हल बांधणाऱ्याला 1.37 पट हा आकडा काहीच सांगत नाही. त्याला 64 एकक रुंदीचे दार 96 एकक करायचे असते. म्हणून आपल्या अवजारात पट नव्हे, तर ओढलेली बाजू ग्रिडवर बसते, समोरची बाजू जागेवर राहते आणि बाजूला मापे दिसतात. बाजूचे हँडल एका अक्षात ओढते, कडेचे दोन अक्षांत आणि कोपऱ्याचे तिन्ही अक्षांत, हेही वापरणाऱ्याला शिकवावे लागत नाही. शेजारच्या दोन ब्रशांचा सामाईक बिंदू एकाच सूत्राने हलतो, त्यामुळे सांधा उघडत नाही. आणि सांधा उघडला की कंपायलर (लेव्हल खेळण्याजोगी करणारा प्रोग्रॅम) लीकची, म्हणजे बाहेरच्या पोकळीत उघडणाऱ्या भोकाची, तक्रार करतो, हा त्रास ज्यांनी भोगला आहे त्यांना या काळजीचे मोल कळेल.

फिरवलेल्या मॉडेलला, म्हणजे ब्रशांनी न बांधलेल्या तयार त्रिमितीय वस्तूला, जगाच्या अक्षात एकाच बाजूने ताणले तर त्याचे काटकोन मोडतात, आणि स्थान, कोन व प्रमाण एवढेच आकडे साठवणाऱ्या नोंदीत तो तिरपेपणा मावत नाही. मोठ्या गेम इंजिनांनाही ही अडचण चुकलेली नाही. युनिटीमध्ये अशा ठिकाणी मिळणारे जागतिक प्रमाण अंदाजी असते, हे त्याच्या लॉसीस्केल (काही गमावलेले प्रमाण) या नावातच कबूल केलेले आहे. आपण ही गोष्ट दडपून न टाकता मॉडेलसाठी फक्त त्याचे स्वतःचे अक्ष खुले ठेवलेत. काहींना हे बंधन जाचते. मला ते योग्य वाटते, कारण पडद्यावर एक दिसावे आणि फाइलमध्ये दुसरेच जावे यापेक्षा स्पष्ट नकार बरा.

उलटवण्याच्या अवजाराबद्दल थोडक्यातच लिहितो: आरशात प्रतिबिंब घेतले की रूपांतराचा निश्चयक (दिशा उलटली का ते सांगणारा आकडा) ऋण होतो, तीन बिंदूंचा क्रम उलटतो आणि प्रतलाचे तोंड आतल्या बाजूला वळते. दोन बिंदूंची अदलाबदल करणारी आपली ती एक ओळ, आणि तिच्या वर लिहिलेली सहा ओळींची मराठी टीप, आम्ही नव्या मंडळींना मुद्दाम दाखवतो.

माउस हलेल तसे मागच्या आकड्याला पुन्हा पुन्हा न गुणता ओढणे सुरू झाले त्या क्षणीच्या मूळ स्थितीवरूनच प्रत्येक वेळी हिशेब करायचा, जेणेकरून चूक साचत जाणार नाही आणि संपूर्ण ओढणे अन्डूमध्ये एकच पायरी ठरेल, हेही आपलेच. शून्य प्रमाणापाशी ब्रश चपटा होऊन नाहीसा होऊ नये म्हणून घातलेली अटकाव-रेषाही आपलीच. वापरताना यांतले काहीच जाणवत नाही.

आपण पाठवलेली चाचणीची लेव्हल, तिच्यातल्या तिरक्या खांबांसह, आता प्रत्येक आवृत्तीपूर्वी उघडून पाहिली जाते. वस्तू कलती करण्याच्या अवजाराचे काम आपल्या आराखड्यावरूनच सुरू झाले आहे. त्याचा पहिला मसुदा तयार होताच आपल्याकडे पाठवीन. सवड असेल तेव्हा पाहावा, घाई मुळीच नाही.

आमच्या सर्व सहकाऱ्यांच्या वतीने आपले मनःपूर्वक आभार.

कळावे, लोभ असावा, ही विनंती.

आपला नम्र,
एडिटरचा एक देखभालकर्ता