अण्णांच्या गाडीचं हेड

मुलुंड, मुंबई
रविवार, रात्री

प्रिय संजय,

सप्रेम नमस्कार.

"हेडला हात लावू नकोस, पस्तावशील," असं तू फोनवर बजावलं होतंस. लावला हात, इंजिनचं ते वरचं झाकण काढलंच. गाडी चालू आहे. सगळं सविस्तर सांगायचंय, म्हणून पत्रच लिहायला घेतलं.

दिवाळीत तुमच्याकडे येताना कसारा घाटात गाडी तापली होती, आठवतंय ना? त्यानंतर गॅरेजवाल्याने आधी थर्मोस्टॅट बदलला, मग रेडिएटर, आणि तिसऱ्या खेपेला म्हणाला, "जुनी झाली, काढून टाका." पाणी नेमकं जातं कुठे, हे त्याने एकदाही पाहिलं नाही. पैसे गेले त्यापेक्षा मला याचा जास्त राग आला. अण्णांनी २००४ साली घेतलेली मारुती ८००, आरटीओत दोनदा नोंदणी वाढवून घेतलेली. भंगारात द्यायचीच तर तिला झालंय काय एवढं तरी कळायला हवं!

म्हणून एका सकाळी इंजिन थंड असतानाच रेडिएटरचं झाकण काढलं आणि गाडी सुरू केली. पाण्यात सारखे बुडबुडे. बाहेर थेंबाची गळती नाही, पण सायलेन्सरमधून पांढरा धूर, तोही गाडी गरम झाल्यावर. डिपस्टिकवरचं ऑइल मात्र स्वच्छ. तेव्हाच वाटलं, हेड गॅस्केट गेलं. हेड आणि खालचा ब्लॉक यांच्यामधला तो पातळ थर फुटला की पाणी सिलिंडरमध्ये शिरतं.

सेक्रेटरींनी पार्किंगमध्ये काम करू दिलं, फरशीवर ऑइलचा डाग पडता कामा नये या अटीवर. ठरलेल्या जोराला "टक्" करणारा टॉर्क पाना नागदेवीतून आणला, गॅस्केट ऑपेरा हाऊसहून. बॅटरीची तार काढली, कूलंट बादलीत उतरवलं, व्हॉल्व्ह आणि पिस्टनची वेळ जुळवणाऱ्या टायमिंग बेल्टच्या खुणांचे फोटो काढून ठेवले. हेडचे बोल्ट बाहेरून आत, थोडे थोडे सैल केले, नाहीतर ॲल्युमिनियमचं हेड वाकतं. अण्णा खुर्ची घेऊन खाली आले होते. पुठ्ठ्याला भोकं पाडून निघालेला प्रत्येक बोल्ट ते त्याच्या जागी खोचून ठेवत होते. मी सांगितलं नव्हतं, त्यांचं त्यांनीच.

हेड उचललं आणि दिसलं. दुसऱ्या सिलिंडरपासून शेजारच्या पाण्याच्या भोकापर्यंत गॅस्केटवर एक काळी रेघ, करंगळीच्या नखाएवढी रुंद. अण्णा वाकून बराच वेळ बघत राहिले. "एवढंसंच?" म्हणाले.

खरं काम त्यानंतरचं. जुनं गॅस्केट दोन्ही बाजूंना चिकटून बसलेलं. पत्र्याने खरवडलं तर ओरखडे पडतात आणि त्यातूनच पुन्हा गळती सुरू होते. जुन्या प्लास्टिकच्या कार्डाने हळूहळू काढत बसलो, चार तास. बोल्टच्या भोकांत साचलेलं ऑइल-पाणी चिंधीने टिपून घेतलं, कारण ते आत राहिलं तर बोल्ट आवळताना ब्लॉकला तडा जाऊ शकतो. संजय, तू म्हणतोस हे कारागिराचं काम आहे. पण गॅरेजमधल्या पोराला एका गाडीवर असे चार तास देतो कोण? बाहेर गाड्या उभ्या असतात. माझ्याकडे त्याचा हात नव्हता, वेळ होता, आणि या कामाला वेळच लागतो.

जिथे हातच लागतो तिथे मी गेलोच. पिशवीत हेड घेऊन लोकलने कुर्ला गाठलं. तिथल्या लेथवाल्याने हेडवर सरळ पट्टी धरली आणि पलीकडून बॅटरी मारली. मधोमध पट्टीखालून उजेड येत होता. हेड वाकलं होतं. फेसिंग करून, म्हणजे घासून सपाट करून दिल्यावर तशीच पट्टी धरून त्याने मला पुन्हा दाखवलं. अंधार. असा माणूस भेटला की पैसे देताना बरं वाटतं.

बोल्ट मधून बाहेर, तीन टप्प्यांत आवळले. अण्णा मॅन्युअलमधला आकडा मोठ्याने वाचायचे, पाना "टक्" करायचा. बेल्ट चढवल्यावर चावी लावण्याआधी पान्याने इंजिन हातानेच दोन पूर्ण फेरे फिरवलं. कुठे अडलं नाही, खुणा पुन्हा समोरासमोर आल्या. तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला.

आज पंधरावा दिवस. रोज एल. बी. एस. मार्गाच्या गर्दीतून जातो. कूलंटच्या बाटलीवर मार्करने रेघ मारली आहे, पाणी तिथून हललेलं नाही.

येत्या शनिवारी पहाटे निघतोय, अण्णाही येणार आहेत. घाट चढून इगतपुरीला चहाला थांबू, इंजिन निवलं की बाटली बघू आणि मग तुला फोन करीन. वहिनींना सांग, जेवायला तिकडेच. काकूंना नमस्कार.

तुझा,
विनय