लोंढे आपोआप येत नाहीत

महोदय,

सोलापूरच्या गर्दीचा विषय निघाला की 'खेड्यांतून लोंढे आले' म्हणून तो मिटवला जातो. लोंढे आपोआप येत नाहीत. १८६० मध्ये रेल्वे इथे पोचली. १८७७ मध्ये 'जुनी गिरणी' म्हणून ओळखली जाणारी कापडगिरणी सुरू झाली तेव्हा जिल्हा दुष्काळाने होरपळत होता. कापूस आसपासचा, कोळसा रेल्वेने येणारा आणि शिवार सोडून आलेले हात स्वस्त. बारमाही नदी नसलेल्या गावात पाण्याच्या जोरावर गिरणी चाललीच नसती. वाफेच्या इंजिनाने ती अट काढून टाकली. इंग्लंडात ओढ्याकाठच्या गिरण्या वाफेमुळेच शहरात उतरल्या आणि १८०१ मध्ये पाऊण लाखाच्या आसपास असलेलं मँचेस्टर १८५१ मध्ये तीन लाखांवर गेलं.

भोंग्याला हजर व्हायचं तर घर चालत जाण्याच्या अंतरावर हवं, म्हणून चाळी गिरण्यांना खेटून उभ्या राहिल्या. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी माग घरातच मांडले. हातमाग जाऊन यंत्रमाग आले तरी शहराच्या पूर्वभागात कारखाना आणि बिऱ्हाड एकाच छपराखाली राहिलं. बिडी वळायला तर सूप, कात्री आणि बसायला हातभर जागा पुरते. त्यामुळे गिरण्यांना टाळी लागली तरी सगळं शहर उठून परत गेलं नाही. गिरण्यांबद्दल हळहळणारे नेमकं हेच विसरतात.

माणसं आधी आली, नळ आणि गटार मागून. त्याची किंमत आज घरोघरी पिंपात साठलेली दिसते. माणशी रोज १३५ लिटर हे सरकारी माप धरलं तर पाच जणांना ६७५ लिटर लागतात. पाणी चार दिवसांनी एकदा आलं तर २,७०० लिटर साठवायचे, म्हणजे २०० लिटरची तेरा-चौदा पिंपं. दहा बाय दहाच्या खोलीत ती ठेवायची कुठे? डेंग्यूचा डास याच स्वच्छ साठ्यात वाढतो. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. अंडी पिंपाच्या आतल्या कडेला चिकटलेली असतात आणि कोरडी पडली तरी मरत नाहीत. म्हणून नुसतं पाणी ओतून देण्यात अर्थ नाही, आठवड्यातून एकदा कडा घासायलाच हवी.

दुसरं दुखणं जमिनीखालचं. पुरवठा बंद झाला की जलवाहिनीतला दाब जातो आणि शेजारच्या गटाराचं पाणी फुटक्या सांध्यातून आत ओढलं जातं. नळाला पहिली पाच-दहा मिनिटं येणारं गढूळ पाणी बऱ्याचदा तेच असतं. १८५४ मध्ये लंडनच्या ब्रॉड स्ट्रीटवरच्या पंपातून कॉलरा पसरला, तोही मैला पाण्यात मिसळूनच.

'रोज थोडं थोडं सोडा' हा उपाय ऐकायला सोपा आहे. पण रिकाम्या वाहिन्या भरण्यातच वेळ जातो आणि टोकाच्या घरांना थेंब मिळत नाही. उजनी धरणापासून शंभर किलोमीटरहून लांब आणलेल्या पाण्याला शहरात भागवार उंच टाक्या नसतील तर जलवाहिनी वाढवूनही फरक पडणार नाही. हद्दवाढ भागात निदान नवे लेआउट मंजूर करताना तरी टाकीची जागा नकाशात आधी दाखवावी. जलवाहिनी गटाराच्या वरच्या पातळीला आणि त्यापासून लांब टाकावी, आणि रस्ता या दोन्हींनंतर करावा. आधी डांबर, मग खोदाई हा क्रम उलटा आहे.

– एक वाचक, सोलापूर