सूचना : रविवारची बैठक व फ्रँक मॅकवर्टर

सर्व सभासदांना स्मरण देण्यात येते की, येत्या रविवारच्या बैठकीत फ्रँक मॅकवर्टर यांच्या चरित्रावर चर्चा होईल. अमेरिकेत गुलामगिरीत जन्मलेल्या या शेतकऱ्याने केंटकी राज्यात उरलेल्या वेळात सोरा (बंदुकीच्या दारूत लागणारा क्षार) तयार करून विकला आणि त्या पैशातून १८१७ मध्ये आधी पत्नी ल्यूसीला व दोन वर्षांनी स्वतःला मुक्त केले. ल्यूसी गरोदर होती. आई मुक्त तर मूलही जन्मतः मुक्त, त्यामुळे हा क्रम केवळ प्रेमापोटी नव्हता. १८३६ मध्ये त्यांनी इलिनॉय राज्यात ४२ एकरांवर १४४ भूखंड आखून न्यू फिलाडेल्फिया हे गाव वसवले आणि भूखंडविक्रीच्या पैशातूनही नातलगांचीच सुटका केली. आखणीच्या नकाशाची प्रत बैठकीत मिळेल. सभासदांनी वेळेवर यावे.