तयार उखाण्यांऐवजी घरचे उखाणे छापावेत

महोदय,

तुळशीचे लग्न लागले की लग्नसराई सुरू होते आणि वृत्तपत्रांच्या पुरवण्यांतून नववधूसाठी तयार उखाण्यांची यादी दरवर्षी येते. यंदा ती यादी न छापता वाचकांच्या घरांतले जुने उखाणे, ते कोणत्या प्रसंगी घेतले गेले त्या हकिकतीसह मागवून छापावेत, अशी विनंती करण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

गेल्या मे महिन्यात माझ्या भाचीचे लग्न झाले. पंगतीत घास भरवताना नाव घेण्याचा आग्रह झाला, तेव्हा तिने मैत्रिणीच्या हातातला मोबाइल घेऊन चार ओळी वाचून दाखवल्या. यमक चोख होते, महादेवाची पिंड होती, बेलाचे पान होते. तिचा नवरा मात्र त्यात कुठेच नव्हता, त्याच्या नावाच्या जागी कोणाचेही नाव चालले असते. टाळ्या पडल्या, पण हसले कोणी नाही. लग्नाआधी सहा वर्षे हा मुलगा तिला भेटायला पुण्याहून साताऱ्याला येत असे आणि 'शिरवळला पोहोचलो' असा निरोप आला की तो अजून घरीच आहे हे तिने ओळखावे, असा त्यांचा शिरस्ता होता. पंगतीतल्या निम्म्या लोकांना हे ठाऊक होते. त्या एका शिरवळवर उखाणा रचला असता तर मांडव हसला असता आणि या दोघांचे प्रेम किती मुरलेले आहे हे सासरच्या मंडळींना त्याच क्षणी कळले असते.

पतीचे नाव उच्चारले तर त्याचे आयुष्य कमी होते, अशी समजूत एके काळी घरोघरी होती. माझी आजी सत्यनारायणालासुद्धा 'पौर्णिमेची पूजा' म्हणत असे, कारण आजोबांचे नाव त्यात दडलेले होते. एरवी सासू-सासऱ्यांसमोर नवऱ्याविषयी चकार शब्द काढण्याची सोय नसलेल्या त्या बायकांना मंगळागौरीला, डोहाळजेवणाला, संक्रांतीच्या हळदीकुंकवाला उखाण्यातून मात्र त्याचे नाव घेता येई, त्याचे कौतुक करता येई आणि त्याची फिरकीही घेता येई. आजोबा विसरभोळे होते. छत्री घेऊन गेले की छत्रीवाचून परत येत. एका श्रावणात, शेजारणींनी ओसरी भरलेली आणि आजोबा आतल्या खोलीत ऐकत बसलेले असताना, आजीने नाव घेतले:

'पहिली छत्री पंढरपुरात, दुसरी राहिली सातारला,
…राव तेवढे घरी आले, यातच आनंद मला.'

आतून आजोबांचे हसणे ओसरीवर ऐकू आले, असे आई सांगते. आजी गेल्यावर आजोबा हा उखाणा आम्हा नातवंडांना स्वतः म्हणून दाखवीत आणि शेवटच्या ओळीला थांबत.

मोबाइलवर दिवसभर फिरणाऱ्या नवरा-बायकोच्या विनोदांमध्ये मला हेच खटकते. त्यांतली बायको नेहमीच कटकटी आणि नवरा नेहमीच बिचारा असतो, म्हणजे त्यात कोणाचीच खरी बायको नसते आणि कोणाचाच खरा नवरा नसतो. छत्रीचा उखाणा रचायला त्या माणसाबरोबर तीन पावसाळे काढावे लागतात, आणि तो ऐकल्यावर आजोबांना अपमान वाटला नाही याचे कारण तिने त्यांचा विसरभोळेपणा मोजला तसे त्यांचे परत येणेही मोजले, हे आहे.

लाजाळू मुलीला भर मांडवात नाव घेण्याची सक्ती करू नये, हे मला पूर्ण मान्य आहे. नवरदेवांनाही आता आग्रह होतो ही चांगली गोष्ट आहे. मात्र बहुतेक जण 'भाजीत भाजी मेथीची' म्हणून सुटका करून घेतात. त्यांच्यासाठीही घरच्या उखाण्यांचा नमुना उपयोगी पडेल.

आपण असे सदर सुरू केलेत तर आजीचे अकरा उखाणे, आईकडून पडताळून, माझ्याकडे वहीत उतरवलेले आहेत. ते मी लगेच पाठवीन.

— एक वाचिका, वाई (जि. सातारा)